आईची रिळं

आमच्या घरात कॅमेरा आईचा होता. हे मला आजही लोकांना दोनदा सांगावं लागतं, म्हणून इथं सुरुवातीलाच सांगून टाकते.

भिलाईत तेव्हा रशियन तज्ज्ञांची बरीच कुटुंबं होती. आम्ही सेक्टर 10 मध्ये राहायचो. बाबा स्टील प्लांटच्या ऑफिसात होते, भंडाऱ्याकडून कारकून म्हणून आलेले आणि हळूहळू अधिकारी झालेले. आई मॅट्रिक होती आणि तिचा हात शिलाईत चांगला होता. एका रशियन इंजिनिअरच्या बायकोला इथल्या उन्हाळ्यात अंगावर काय घालावं तेच कळेना, तेव्हा कुणीतरी तिला आईकडे पाठवलं. आईनं तिला सुती झगे शिवून दिले. दोघींचं हिंदी सारखंच तोडकंमोडकं, त्यामुळे त्यांची छान गट्टी जमली. त्या बाईकडे चावी भरून चालणारा आठ एमएमचा छोटा कॅमेरा होता. आईनं तो एकदा हातात घेतला आणि मग सोडलाच नाही.

मायदेशी परत जाताना ती बाई सगळं आईलाच देऊन गेली. कॅमेरा, फिल्म धुवायचा काळा डबा, रसायनांच्या पुड्या, खोकंभर कोरी फिल्म, आणि दोन बाजूंना हँडल असलेलं एक लहानसं यंत्र. त्या यंत्रात फिल्म घालून हँडल फिरवलं की पोस्टकार्डापेक्षाही लहान काचेवर चित्र हलायचं. ही फिल्म काळी-पांढरी असायची आणि घरीच धुता यायची. आई दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावून आत बसायची. आम्ही दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "खोलू नका रे, उजेड येईन!"

एका मे महिन्यात तिचे वडील गावाहून आले होते. ते आमच्याकडे आले ते तेवढे एकदाच. आईनं त्यांची एक अख्खी फिल्म काढली. बाजेवर बसून तंबाखू मळताना, नळाचं पाणी पाहून हसताना, दादाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरताना. त्याच दुपारी ती धुवायला घेतली. भिलाईच्या मे महिन्यात नळाला येणारं पाणी म्हणजे जवळजवळ आंघोळीचं पाणी. डब्यातून फिल्म बाहेर काढली तर चित्राचा थर दुधावरची साय सरकावी तसा पट्टीवरून घसरला आणि मोरीत वाहून गेला. तिच्या हातात पारदर्शक पट्टी तेवढी राहिली. त्या पावसाळ्यात आजोबा वारले. त्यानंतर आई फिल्म धुवायला नेहमी माठातलं पाणी घ्यायची आणि त्यात शेजारच्यांच्या फ्रिजमधला बर्फ टाकायची.

बाबांना आधी या सगळ्याची गंमत वाटली, मग लाज वाटायला लागली. आई वाढदिवस नि बारशी काढायची नाही असं नाही, पण तिचं मन दुसरीकडेच रमायचं. पाळी सुटली की प्लांटच्या गेटकडून सायकलींचा लोंढा यायचा. आई चौकात उभं राहून तो काढायची. ठेकेदाराकडे कामाला आलेल्या छत्तीसगडी बाया डोक्यावरची घमेली उतरवून लुगड्याच्या पदरानं एकमेकींच्या पाठीवरची धूळ झटकायच्या, ते तिनं काढलं होतं. आंधी आल्यावर दोरीवरचे कपडे एका दिशेनं फडफडतात आणि मागच्या घरातली काकू कुरडयांची खाट एकटीच ओढत व्हरांड्यात आणते, तेही काढलं होतं. बाबा तोंडावर पेपर घेऊन झोपलेत आणि पेपर श्वासाबरोबर वर-खाली होतोय, हेसुद्धा.

"अधिकाऱ्याची बायको चौकात उभी राहून लेबरच्या सायकली काढते," बाबा म्हणायचे. "लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांगा, तिले आवडते म्हणून," आई म्हणायची.

पुढे रशियन लोक कमी होत गेले तशी फिल्म मिळेनाशी झाली. मग कॅमेऱ्याची स्प्रिंगही तुटली. बाबांनी सगळे डबे एका गोणपाटात बांधले आणि न्हाणीघरावरच्या माळ्यावर टाकले. खाली रोज पाण्याचा बंब पेटायचा. ती वाफ दहा-बारा वर्षं त्या डब्यांवर चढत राहिली.

नव्वदीच्या सुरुवातीला बाबांची रिटायरमेंट जवळ आली. प्लांटचं क्वार्टर सोडायचं होतं. भिलाईतच वैशाली नगरला घर बांधून तयार होतं. मी तेव्हा दुर्गच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवायचे, लग्न झालेलं नव्हतं. दादा रायपूरला नोकरीला होता आणि रविवारी यायचा. माळा रिकामा करताना त्यानं ते गोणपाट खाली फेकलं आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली.

"आई, इसका कैसेट बनवाते हैं! रायपूरला एक स्टुडिओ आहे, फिल्मचं व्हिडिओ करून देतो. बाबांच्या फंक्शनला दाखवू. सरप्राइज!"

आईनं पहिला डबा उघडला तर सिरक्यासारखा आंबूस वास नाकात शिरला. फिल्मच्या कडांवर पांढरी बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली होती. दादानं नाक दाबलं.

"धुऊन टाक ना. सर्फ के पानी में डालो, पाच मिनिटांत साफ."

"पाणी लावशीन तर हात तोडीन तुहा," आई म्हणाली. मी आईला एवढ्या जोरात बोलताना क्वचितच ऐकलं होतं. "माह्यासमोर एक रीळ वाहून गेलं हाये. आता पुन्हा नाही."

"मग तसंच प्रोजेक्टरवर लावतील ते."

"धूळ हाये तिच्यावर. थे मशीनीत फिरली का सगळ्या चित्रावर रेघा मारते. आधी पुसा लागते. मी पुसीन."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघी मागच्या व्हरांड्यात बसलो. डबे उघडून आधी सावलीत वारा लागू दिला. ऊन लागू द्यायचं नाही, कारण उन्हानं फिल्म आकसून वाकडी होते. बाबांच्या जुन्या मलमलच्या झब्ब्याचे आईनं हातमोजे शिवले. घामाचा हात चित्राला लागला की तो डाग कायमचा, आणि इतक्या वेळा धुतलेल्या मलमलीला धागा सुटत नाही. बुरशी आधी कोरडीच काढायची, तोंडाला पदर बांधून, अंगणाच्या टोकाला. उंटाच्या केसाचा मऊ ब्रश मी शाळेच्या चित्रकलेच्या सरांकडून मागून आणला. घासायचं नाही, फुलावरची धूळ झटकावी तसं झटकायचं.

त्यानंतर ओलं पुसणं. रशियन बाई कसलंसं स्पिरिट वापरायची एवढं आईला आठवत होतं. दवाखान्यातलं स्पिरिट मी नको म्हटलं, त्यात पाणी मिसळलेलं असतं. थिनर तर फिल्म विरघळवूनच टाकतं. लॅबला माल पुरवणाऱ्या दुकानातून मी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. आधी एका रिळाच्या शेपटाला, जिथं चित्र नव्हतं तिथं, थेंब लावून पाहिला. काही सुटलं नाही, काही चिकटलं नाही. तेव्हा कुठं आईनं मान हलवली. घरातला स्टोव्ह बंद, खिडक्या उघड्या. मी यंत्राचं हँडल सावकाश फिरवायचे आणि आई ओलसर मलमलीच्या घडीतून फिल्म अलगद ओढू द्यायची. इतकं सावकाश, की पुसलेली जागा दुसऱ्या चकरीवर गुंडाळली जायच्या आत वाळली पाहिजे. मलमल काळी झाली की घडी बदलायची. जुने जोड उखडले होते तिथं थांबून ते पुन्हा जोडायचे.

मला आईचे हे रविवार आठवतात ते तिच्या बोलण्यासाठी. एरवी घरात ती कामापुरतं बोलायची. इथं काचेवर चित्र हललं की बोलायला लागायची.

"थांब. मागं घे. हे पाह्य, ह्या सायकलवाल्याच्या हँडलले डब्यासोबत कोंबडी हाये. तवा मले दिसलीच नव्हती."

"तू हे सगळं कशासाठी काढायचीस गं?" मी एकदा विचारलं.

तिनं घडी बदलली. "तुहे बाबा सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. तुमी शाळेत. मी दिवसभर काय पाहून राहिली हे कोणी कधी विचारलं नाही. म्हटलं, आपलं काढून ठेवावं. कोणी विचारलं तर दाखवता येईन."

मी हँडल फिरवत राहिले.

आम्ही नक्की काय करून राहिलोय हे बाबांनी विचारलं नाही. एकदा ते व्हरांड्याच्या दारात आले, वास घेतला आणि म्हणाले, "दवाखाना करून टाकला घराचा. चहा होणार आहे का?" सरप्राइज म्हणून दादानं त्यांना कॅसेटचं सांगितलं नव्हतं, पण माळ्यावरचं गोणपाट व्हरांड्यात आलंय हे न कळायला ते काही आंधळे नव्हते.

सगळी रिळं स्वच्छ झाली. दोन-तीन ठिकाणी बुरशी चित्रात शिरली होती, ती निघाली नाही. एका रिळाच्या कडेची भोकं फाटली होती. बाकी सगळं लखलखीत. आईनं प्रत्येक डबा आतून पुसला, वर चिंधी घालून बंद केला आणि दादाच्या हातात दिला.

"जपून नेशीन. सगळं उतरवून घे. कापू नको. आन् रिळं वापस आण."

"हो आई, हो."

वैशाली नगरच्या घराची वास्तुशांती आणि बाबांचा निरोप असं एकत्रच जेवण ठेवलं होतं. अंगणात मांडव, पंगतीत पुऱ्या, श्रीखंड, वांग्याची भाजी. बाबांच्या ऑफिसातले झाडून सगळे आले होते. बाबांचे एक वरिष्ठ साहेब सपत्नीक आले, म्हणून बाबांचा आवाज दोन पट्ट्या वर चढला होता. जेवणं झाल्यावर दादानं पुढच्या खोलीत भाड्यानं आणलेला व्हीसीआर लावला. खिडक्यांना पडदे, जमिनीवर सतरंज्या. मी आईला हाताला धरून ओढत आणलं आणि दाराजवळ बसवलं.

पडद्यावर आधी गुलाबाच्या फुलांची नक्षी आली. मग अक्षरं उमटली, 'बाबांच्या कॅमेऱ्यातून'. मागे सिनेमाचं संगीत.

मी दादाकडे पाहिलं. तो टीव्हीकडे पाहत होता.

बाबा नव्या स्कूटरवर. बाबा तलावावरच्या सहलीत कलिंगड कापताना. दादाचा वाढदिवस, बाबा केक भरवताना. बाबा ऑफिसच्या दाराशी मित्रांबरोबर. माझी वेणी, पण क्षणभर. लोक टाळ्या वाजवत होते, जुने चेहरे ओळखून हसत होते. मी सायकलींची वाट पाहत होते. सायकली आल्या नाहीत. आंधी आली नाही, कुरडयांची खाट आली नाही, त्या बाया आल्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा गुलाब आले आणि कॅसेट संपली.

वरिष्ठ साहेब उठून बाबांपाशी आले. "अरे भाई, आपने तो कमाल कर दिया! इतने साल साथ काम किया, कभी बताया नहीं कि मूवी कैमरा चलाते हैं?"

बाबा हसले. मी त्यांच्याकडेच पाहत होते. सांगायला भरपूर वेळ होता.

"बस, साहब," बाबा म्हणाले, "शौक था थोड़ा."

मागच्या घरातली ती काकूही आली होती. ती म्हणाली, "पण वहिनीच तर घेऊन फिरायच्या ना तो कॅमेरा? माह्या कुरडया काढल्या होत्या यायनं."

"कधीकधी तिच्या हातात द्यायचो," बाबा म्हणाले. "मी स्वतः फ्रेममध्ये असलो की."

लोक हसले. मला राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "हे सगळं आईनं काढलंय. सगळंच्या सगळं. धुतलंसुद्धा तिनंच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि हात पसरून म्हणाले, "देखिए साहब, रिटायर झालो नाही तोच घरात बेटीनं मॅडमची पार्टी जॉइन केली. हो बाई, घरात सगळं तुझ्या आईचंच असतं!"

सगळे पुन्हा हसले, आधीपेक्षा जास्त. बायकासुद्धा. मी वळून पाहिलं तर दारात आई नव्हती. ती मागे जाऊन पान-सुपारीचं ताट लावत होती.

पाहुणे गेल्यावर दुपार कलली होती. दादा व्हीसीआरच्या वायरी गुंडाळत होता. आई त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"सायकली कावून नाही टाकल्या?"

"आई, लोक बोर झाले असते. कोण बघणार लेबर लोकांना? मी जरा एडिट करवलं. नाव पण स्टुडिओवाल्यानं विचारलं, तर बाबांचं फंक्शन म्हणून…"

"नाव जाऊ दे. रिळं कुठं हायेत?"

"स्टुडिओतच असतील. कैसेट है ना अब. त्या सडक्या वासाचे डबे नव्या घरात कशाला?"

आई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "उद्या सुट्टी टाक."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं रायपूरला गेलो. स्टुडिओ एका अरुंद गल्लीत पहिल्या मजल्यावर होता. मालक सभ्य माणूस होता. त्यानं आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. आईनं दादाचं नाव सांगितलं तसा तो खुश झाला.

"बहनजी, इतनी साफ पुरानी फिल्म मैंने आज तक नहीं देखी. किसने साफ की?"

"मैंने," आई म्हणाली. "वापस चाहिए."

त्याचा चेहरा पडला. तो एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहू लागला. "भैया से मैंने दो बार पूछा था. बोले, ज़रूरत नहीं, फेंक दो. मेरे यहाँ जगह नहीं, तो कबाड़ी को… पुरानी फिल्म चूड़ीवाले ले जाते हैं."

"कोणता कबाडी?"

तो बिचारा स्वतः आमच्याबरोबर खाली आला. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं गोदाम होतं. तिथल्या माणसानं डोकं खाजवलं आणि माल कधीच पुढे गेला म्हणून सांगितलं. कुठे गेला ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं. बांगड्यांसाठी फिल्म उकळत्या सोड्यात घालून आधी चित्राचा थर काढून टाकतात, अशी माहिती त्यानं आपणहून दिली. मी आईचा दंड धरला. ती म्हणाली, "सोड. मी काही पडून नाही राहिली."

वर स्टुडिओवाल्याकडे आमचे डबे उरले होते, एकात खिळे, दुसऱ्यात प्लग भरलेले. ते ओतून तो डबे द्यायला निघाला. आई म्हणाली, "राहू द्या. आपके काम आ रहे हैं."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. वाटेतलं कुम्हारी गाव मागे पडल्यावर एकदाच बोलली. "पुसले नसते तर बरं झालं असतं. तसेच सडले असते, तर मले वाटलं असतं, वाफेनं गेले."

घरी बाबा झोपाळ्यावर बसले होते. आईनं चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. त्या घरात त्यांचं जे काही मोठं बोलणं झालं ते एवढंच.

"रिळं भंगारात घातली तुमच्या पोरानं."

"कॅसेट आहे ना?" बाबा म्हणाले. "मग काय राहिलं?"

"थे तुमची हाये."

"असं तुझं-माझं काय करतेस? घरचंच आहे सगळं. आणि काल त्या साहेबांपुढे मी काय सांगत बसणार होतो? माझा निरोप होता तो."

"हो," आई म्हणाली. "तुमचाच होता." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मी दादाशी भांडले. तो म्हणाला, मैंने तो अच्छे के लिए किया. त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच मला सहन झालं नाही. एखाद्यानं सूड म्हणून केलं असतं तर निदान त्यानं ती रिळं कुणाची होती हे मान्य केलं असतं. दादाला तेवढंही ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ते घरातलं जुनं सामान होतं, आणि घर बाबांचं होतं.

बाबा ती कॅसेट येईल त्याला दाखवत राहिले. हळूहळू त्यांच्या सांगण्यात तपशीलही यायला लागले. रशियन इंजिनिअर आता त्यांचा मित्र झाला होता, कॅमेरा त्यानं त्यांना भेट दिला होता. खोटं बोलताना त्यांचा आवाज जराही हलायचा नाही. मला वाटतं, शेवटी शेवटी त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. कॅसेट लागली की आई शेजारी निघून जायची.

काही वर्षांनी पावसाळ्यात त्या कॅसेटलाच बुरशी लागली. व्हीसीआर घरघरायला लागला, चित्रावर बर्फ पडल्यासारखं दिसायला लागलं. मी त्या दिवशी माहेरी होते. बाबा कॅसेट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"ऐकलं का, ही जरा साफ करून दे. तुला येतं ना ते."

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले नाही येत," ती म्हणाली.

बाबा कॅसेट फ्रिजवर ठेवून बाहेर गेले. आईनं निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतले आणि मला विचारलं, "तू संध्याकाळी जाशीन का उद्या?"

"उद्या," मी म्हणाले.